नाट्यमालिका आणि काळ

मराठीत ‘मालिका’ हा एकच शब्द आपण दोन अगदी निराळ्या वस्तूंसाठी वापरतो, आणि टेलिव्हिजनवरील नाट्यांविषयी बोलताना जो घोटाळा होतो त्यातील बराचसा तेथूनच सुरू होतो. माळ म्हटली म्हणजे फुले आली आणि दोरा आला. त्यातील एखादे फूल सोडवून घेतले तरी ते फूलच राहते. हिंदी भाषिक ज्याला ‘धारावाहिक’ म्हणतात त्याची गोष्ट वेगळी. वाहत्या धारेखाली ओंजळ धरली तर हाती पाणी येते; धार येत नाही. भागाभागांनी दाखविल्या जाणाऱ्या नाट्यांत माळेची जात आहे तशी धारेचीही आहे, आणि कलाकृती म्हणून त्यांचा अभ्यास करावयाचा तर समोरची वस्तू ह्यांपैकी कोणती, हे प्रथम पाहून घ्यावे लागते.

‘अभ्यास’ हा शब्द ऐकून कोणाला हसू आले तर त्याला दोष देता येणार नाही. रोज संध्याकाळी घरोघर चाललेल्या सासू-सुनांच्या कलहाचा अभ्यास तो काय करावयाचा? परंतु कादंबरीविषयी आपल्या पणजोबांनी हेच म्हटले होते आणि बोलपटाविषयी आजोबांनी. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचेही नव्हते. त्या काळच्या बहुतेक कादंबऱ्या आज कोणी उघडूनही पाहत नाही. मात्र ज्या थोड्या उरल्या त्या ओळखल्या जाण्यासाठी कोणाला तरी त्यांच्याविषयी विचारपूर्वक बोलावे लागले. मालिकांविषयी असे बोलणे आपल्याकडे फारसे होत नाही. ‘वेळ बरा गेला’ आणि ‘वेळ फुकट गेला’ ह्या दोन अभिप्रायांपलीकडे आपली भाषा सहसा जात नाही, आणि मग कोणती मालिका जगावी व कोणती बंद पडावी हे ठरविण्याचे काम एकट्या टी.आर.पी.च्या आकड्याकडे जाते. चांगले पाहणाऱ्याने तोंड उघडले नाही तर दुसरे काय व्हावयाचे?

गंमत अशी की ह्या दोन्ही अभिप्रायांत ‘वेळ’ हा शब्द आहे, आणि तो अगदी नेमक्या ठिकाणी पडला आहे. चित्रकाराचे द्रव्य रंग, शिल्पकाराचे दगड, तसे मालिकाकाराचे द्रव्य काळ होय. नाटकाला आणि चित्रपटाला काळ लागतोच. पण तो दोन-तीन तासांचा, एका बैठकीचा. मालिकेचा काळ प्रेक्षकाच्या आयुष्यातून घेतलेला असतो. तीत दोन भागांच्या मधले दिवसही हिशेबात धरावे लागतात, नट वयाने वाढतात, आणि गेल्या वर्षी पाहिलेले प्रेक्षकाला आठवते किंवा आठवत नाही. ह्या काळाचे लेखकाने काय केले, हा प्रश्न मालिकेच्या अभ्यासाचा कणा आहे असे मी मानतो.

प्रथम माळेचे उदाहरण घेऊ. पोलंडमधील दिग्दर्शक क्शिश्तोफ किश्लोव्स्की ह्याने क्शिश्तोफ पिएसिएविच ह्या वकिलाच्या सहकार्याने लिहून १९८८ च्या सुमारास पोलिश टेलिव्हिजनसाठी ‘डेकालॉग’ ही दहा भागांची मालिका केली. बायबलातील दहा आज्ञा, आणि त्यांना अनुसरून सुमारे एकेका तासाच्या दहा कथा. कथा स्वतंत्र, पात्रे स्वतंत्र. छायालेखकही जवळजवळ प्रत्येक कथेला निराळा. दहा कथांना मिळून नऊ जण. दुवा एवढाच की ही सारी माणसे वॉर्सा शहरातील एकाच गृहसंकुलात राहतात, आणि एका कथेतील माणूस दुसऱ्या कथेत कधी तरी ओझरता दिसून जातो.

परंतु ह्या दहांपैकी आठ कथांत एक माणूस येतो. तो काही बोलत नाही आणि काही करीतही नाही. पहिल्या कथेत एक प्राध्यापक संगणकावर बर्फाची जाडी काढतो आणि मुलाला गोठलेल्या तळ्यावर खेळावयास जाऊ देतो. बर्फ फुटतो आणि मुलगा बुडतो. तळ्याच्या काठी शेकोटीपाशी हा माणूस बसलेला असतो. तो कोण हे अखेरपर्यंत सांगितलेले नाही. एखादीच कथा पाहणाऱ्याला तो कोणी वाटसरू वाटेल. चार-पाच कथा पाहून झाल्यावर मात्र तो नुसता दिसला तरी आपण सावरून बसतो, कारण आता कोणाच्या तरी आयुष्यात निर्णयाचा क्षण आला आहे हे आपल्याला कळते. हे कळणे कोणत्याही एका कथेत नाही. ते कथांच्या मध्ये आहे, दोरा जसा फुलांच्या मध्ये असतो तसे.

धारेची कला ह्याहून जुनी आहे, आणि आपल्याला परकी तर मुळीच नाही. चातुर्मासात देवळात पोथी लागते तेव्हा पुराणिकबोवा रोज एका ठिकाणी थांबतात, आणि कोठे थांबावयाचे ह्याची त्यांना पुरी जाण असते. छापखाना आल्यावर हेच काम नियतकालिकांनी केले. चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ साली महिन्याच्या महिन्याला सुट्या भागांनी निघत होती. सॅम वेलर हा चतुर नोकर कथेत आला तेव्हा तिचा खप एकदम वाढला, आणि पुढे सॅमला कथेत मोठी जागा मिळाली. आपल्याकडे हरि नारायण आपटे ह्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. यमूची ती कहाणी आज आपण एका पुस्तकात, आठवड्याभरात वाचून संपवितो. त्या वेळच्या वाचकाला यमूच्या दैवात पुढे काय आहे हे कळावयास आठवडे आणि महिने थांबावे लागले. त्या थांबण्यात त्याने घरात बोलणे केले असेल, आपल्याच वाड्यातील एखाद्या सोवळ्या बाईकडे निराळ्या नजरेने पाहिलेही असेल. अशा कादंबरीचा अर्धा परिणाम अंकांच्या मधल्या दिवसांत होत असतो.

ह्या धारेचे टेलिव्हिजनवरील सर्वांत भरीव उदाहरण मला विचाराल तर मी ‘द वायर’ ह्या अमेरिकन मालिकेचे नाव घेईन. एच.बी.ओ. ह्या वाहिनीवर २ जून २००२ पासून ९ मार्च २००८ पर्यंत तिची पाच पर्वे आणि साठ भाग झाले. तिचा कर्ता डेव्हिड सायमन हा बाल्टिमोर शहरातील ‘बाल्टिमोर सन’ ह्या वृत्तपत्राचा माजी बातमीदार, आणि त्याचा सहकारी एड बर्न्स हा आधी पोलिस अधिकारी व नंतर शाळामास्तर. विषय त्यांच्या शहराचा. पहिल्या पर्वात अमली पदार्थांचा रस्त्यावरचा धंदा आणि त्याच्या मागावरचे पोलिस, दुसऱ्यात गोदीतील कामगार, तिसऱ्यात नगराचे राजकारण, चौथ्यात शाळा, पाचव्यात वृत्तपत्र. नवी संस्था आली म्हणून जुनी माणसे जात नाहीत. ती आपापल्या कामात असतात आणि कथा त्यांच्यावरून फिरत राहते. शीर्षकगीत पाचही पर्वांना एकच, पण दर पर्वात ते निराळ्या आवाजात येते.

ह्या मालिकेतील एकाच धाग्याकडे मी आपले लक्ष वेधतो. तिसऱ्या भागात बोडी आणि वॉलेस अशी दोन पोरे, धंद्यातील अगदी खालच्या पायरीवरची, बुद्धिबळाच्या पटावर बसली आहेत. पण सोंगट्या बुद्धिबळाच्या असल्या तरी खेळ चालला आहे तो चेकर्सचा. त्यांचा वरिष्ठ डीअँजेलो हा धंद्याच्या मालकाचा भाचा. तो ते पाहतो आणि त्यांना बुद्धिबळ शिकवावयास बसतो. राजा म्हणजे मालक. वजीर म्हणजे मालकाची कामे करून आणणारा उजवा हात. त्यांच्याकडे ज्याला किल्ला म्हणतात तो आपला हत्ती. तो म्हणजे मालाचा साठा, त्याची जागा सारखी बदलावी लागते. आणि प्यादी म्हणजे शिपाई. ती पुढे उभी राहतात आणि लवकर मरतात. बोडीचे लक्ष ह्या प्याद्यांवरच खिळते. प्यादे पलीकडच्या टोकाला पोहोचले तर? तर त्याचा वजीर होतो. पण बहुधा ते पोहोचत नाही. बोडीला हे पटत नाही. प्यादे हुशार असेल तर पोहोचेल, असे त्याचे म्हणणे पडते.

दृश्य काही मिनिटांचे आहे. एखाद्या चित्रपटात ते असते तर तासाभरात त्याचा हिशेब चुकता झाला असता आणि ‘रूपक छान साधले’ म्हणून आपण मान डोलावली असती. येथे काय होते ते पाहा. त्याच पर्वाच्या अखेरीस वरून हुकूम येतो आणि त्या पटावर समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी बोडीला वॉलेसचा जीव घ्यावा लागतो. दुसऱ्या पर्वात खेळ शिकविणारा डीअँजेलो तुरुंगात मारला जातो. बोडी कोपऱ्यावर उभा राहतो, नेकीने काम करतो, तुरुंगात असताना कोणाचे नाव सांगत नाही. चौथ्या पर्वाच्या शेवटी, म्हणजे पन्नासाव्या भागात, एका बागेत तो मॅकनल्टी नावाच्या पोलिसापाशी बोलतो, आणि बोलताबोलता त्याला पटावरची ती बारकी सोंगटी आठवते. हा खेळच मुळात ठकवणुकीचा आहे, हे त्याला उमगले आहे. त्याच रात्री त्याच्याच कोपऱ्यावर त्याला गोळी घालतात.

तिसरा भाग प्रसारित झाला जून २००२ मध्ये, पन्नासावा डिसेंबर २००६ मध्ये. मधे साडेचार वर्षे गेली. बोडीची भूमिका करणारा नट साडेचार वर्षांनी थोराडला, आणि पाहणारा साडेचार वर्षांनी मोठा झाला. बागेतील संवादाच्या वेळी पटाचे ते जुने दृश्य पुन्हा दाखवीत नाहीत. लेखकाने ते प्रेक्षकाच्या स्मरणावर सोडले आहे. ज्याला आठवते त्याला त्या एका वाक्यात वॉलेस आणि डीअँजेलो दोघेही परत भेटतात. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ ह्या ग्रंथात लयीचे तीन प्रकार सांगितले, संवाद, विरोध आणि समतोल. ते आपल्यापैकी कित्येकांनी कवितेच्या संदर्भात वाचले असतील. ते तिन्ही येथे दिसतात, फक्त त्यांचा आवाका ओळींचा नसून वर्षांचा आहे. चौथ्या पर्वातील शाळकरी मुलांपैकी एक पुढे जुन्या दरोडेखोराच्या जागी उभा राहतो, दुसरा जुन्या व्यसनी माणसाच्या. माणसे बदलली, जागा त्याच राहिल्या. ‘शहर माणसाला गिळते’ असे कोणीही एका वाक्यात सांगू शकेल. जागा रिकामी होऊन पुन्हा भरते आहे हे डोळ्यांदेखत दाखविण्यासाठी मात्र इतका काळ लागतो.

चित्रपटाच्या टीकेची सवय असलेला माणूस येथे पहिली शोधाशोध करतो ती दिग्दर्शकाच्या नावाची. ती बहुधा व्यर्थ जाते. अशा मालिकांत दिग्दर्शक भागागणिक बदलतात. सूत्र असते ते मुख्य लेखकाच्या हाती, आणि निर्माताही तोच असतो. त्याच्याभोवती लेखकांची बैठक बसते, पर्वाचा आराखडा भिंतीवर लागतो, आणि मग एकेक भाग एकेकाकडे लिहावयास जातो. ‘द वायर’च्या बैठकीत जॉर्ज पेलेकॅनोस, रिचर्ड प्राइस, डेनिस लेहेन हे नावाजलेले कादंबरीकार होते. किश्लोव्स्कीसारखा सर्व भाग स्वतः दिग्दर्शित करणारा अपवाद होय. आपल्या जुन्या नाट्यपरंपरेतील ‘सूत्रधार’ हा शब्द ह्या लेखक-निर्मात्याला जितका शोभतो तितका दुसऱ्या कोणाला शोभेलसे वाटत नाही.

पैसा कोठून येतो ह्याचाही विचार अभ्यासकाला करावा लागतो, कारण त्याने घाट बदलतो. एच.बी.ओ. वर्गणीवर चालणारी वाहिनी. तिच्या तासाभराच्या कथेत जाहिराती येत नाहीत. म्हणून ‘द वायर’ला दर दहा मिनिटांनी प्रेक्षकाला खुर्चीला खिळवून ठेवावे लागले नाही, ती सावकाश चालू शकली. जेथे जाहिरात मध्ये येते तेथे तिच्या आधी काही तरी दचकविणारे घालावेच लागते. रेमंड विल्यम्स ह्या वेल्श समीक्षकाने मायामीतील एका रात्री अमेरिकन टेलिव्हिजनवर चित्रपट पाहिला. मध्येच जाहिराती येत होत्या, मध्येच पुढच्या दुसऱ्या चित्रपटांची दृश्ये, आणि सारे एकमेकांत मिसळून जात होते. त्यातून त्याने १९७४ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की टेलिव्हिजनवर सुटी वस्तू पाहण्याऐवजी आपण एक सलग प्रवाह पाहत असतो. त्याचा हा प्रवाह वाहिनीचा. मी म्हणतो ती धार कथेची. आपल्याकडे पुष्कळदा पहिला दुसरीला गिळून टाकतो.

दूरदर्शनच्या काळी मालिकेला बहुधा तेरा भागांची मंजुरी मिळे. वर्षाचे आठवडे बावन्न, त्याच्या चौथ्या हिश्श्याचे तेरा. आकडा कारकुनी खरा, पण त्याने लेखकाला शेवट दिला. पुढे खाजगी वाहिन्या आल्या, दैनंदिन मालिका आल्या. ‘चार दिवस सासूचे’ ही मराठी मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. ह्या प्रकाराची केवळ थट्टा करणे मला न्यायाचे वाटत नाही. त्याच्याजवळ एक दुर्मीळ साधन आहे. मालिकेतल्या घरात आणि पाहणाऱ्याच्या घरात गणपती एकाच दिवशी बसतात, दिवाळीचे दिवे एकाच संध्याकाळी लागतात. कथेचा काळ आणि संसाराचा काळ एकमेकांना लागून चालतात. हे साधन कादंबरीला नाही, चित्रपटाला नाही. दुःख एवढेच की त्याचा उपयोग करावयाचा सोडून लेखकाला एकच आरती आठवडाभर ताणावी लागते, एकाच बातमीवर सात जणांचे चेहरे तीन-तीनदा दाखवावे लागतात, आणि शेवट कोणता ते त्याला ठाऊकच नसते. आकडा उतरला की मालिका आवरती घ्यावयाची, आकडा टिकला की गेलेल्या माणसालाही परत आणावयाचे. ज्या खेळात प्रत्येक खेळी मागे घेता येते त्यात प्याद्याच्या मरणाला काय किंमत?

शेवट करण्याचा अधिकार असणे म्हणजे काय हे ‘द सोप्रानोज’ ह्या मालिकेने दाखविले. शहाऐंशी भागांनंतर १० जून २००७ रोजी, नायक कुटुंबासह जेवावयास बसलेला असताना, पडदा एकाएकी काळा होतो आणि काही सेकंद आवाजही येत नाही. अमेरिकेत कित्येकांना घरची केबल गेली असे वाटले. तो शेवट आवडावा असे नाही. पण तो कोणी तरी योजलेला होता, आणि म्हणून त्याविषयी भांडता येत होते.

भाग आणि समग्र ह्यांच्या नात्याविषयीचा एक महत्त्वाचा निवाडा कलासमीक्षेत न होता मुंबईच्या उच्च न्यायालयात झाला आहे. भीष्म साहनी ह्यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी ह्यांनी केलेली ‘तमस’ ही फाळणीवरील मालिका दूरदर्शनवर जानेवारी १९८८ मध्ये सुरू झाली. तिच्या प्रसारणाने जातीय तेढ वाढेल म्हणून ते थांबवावे, अशी मागणी काही भाग झाल्यावर न्यायालयात गेली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर ह्यांनी ती संपूर्ण मालिका स्वतः बसून पाहिली आणि तीत द्वेषाचा पुरस्कार नसून त्यापासून सावध करणारा धडा आहे असा निर्णय दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. सुरुवातीचे तेवढे भाग पाहून मत बनविले असते तर कदाचित उलट वाटले असते. मालिकेवर अभिप्राय देणाऱ्या कित्येक जाणत्यांनी एवढेही कष्ट घेतलेले नसतात.

दुसऱ्या बाजूने, गंभीरपणे पाहणारेही कधी भलतेच पाहतात. हार्वर्ड विद्यापीठात विल्यम ज्युलियस विल्सन ह्या समाजशास्त्रज्ञाने २०१० साली ‘द वायर’च्या आधारे शहरातील विषमतेवर एक अभ्यासक्रम चालविला. तो योग्यच होता. परंतु ती मालिका अहवालासारखी वाचली की तिसरा आणि पन्नासावा भाग ह्यांच्यामधील अंतर नाहीसे होते. दोन्ही सारखाच पुरावा ठरतात. कलेचा अभ्यास त्या अंतरापासून सुरू होतो.

आता हे अंतरच मिटत चालले आहे. १ फेब्रुवारी २०१३ रोजी नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकदम खुले केले, आणि तेव्हापासून एक पर्व दोन रात्रींत पाहून टाकण्याची रीत रुळली. त्यात लाभही आहे; बारीक दुवे विसरत नाहीत. पण सहा वर्षे ‘द वायर’ पाहिलेला आणि सहा दिवसांत पाहिलेला, ह्यांनी एकच कलाकृती पाहिली असे म्हणणे धाडसाचे होईल. अभ्यासकाने मालिका प्रथम कोणत्या वाराने, किती अंतराने दाखविली गेली हे नोंदून ठेवावे, आणि जमल्यास निदान एकदा तशाच अंतराने पाहावी.

त्यासाठी ती मुळात शिल्लक राहिली पाहिजे. बी.बी.सी.ने १९५३ च्या उन्हाळ्यात ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ हे सहा भागांचे नाट्य थेट प्रसारित केले. त्याचे पहिले दोन भाग तेवढे फिल्मवर उतरवून ठेवले गेले. उरलेले चार हवेत गेले ते गेलेच. पुढे ध्वनिचित्रफिती आल्या तर त्या महाग, म्हणून जुने पुसून त्यांवर नवे मुद्रित करण्याची चाल पडली आणि इंग्लंडातील पुष्कळ नाट्ये तशी नष्ट झाली. ‘करमणूक’चे अंक कोणी तरी बांधून ग्रंथालयात ठेवले म्हणून ती धार कशी वाहत होती हे आज पाहता येते. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. मराठी मालिकांचे सर्व भाग, त्यांच्या संहितांसह आणि प्रसारणाच्या तारखांसह, असेच कोठे तरी जपले गेले पाहिजेत. गेल्या अर्धशतकात मराठी घरात काय बोलले जात होते हे पुढच्या माणसाला दुसरीकडे इतके सलग ऐकावयास मिळणार नाही.

ज्यांना प्रत्यक्ष सुरुवात करावयाची आहे त्यांनी एकच मालिका घ्यावी आणि तीतील एकच दुय्यम पात्र धरून पहिल्यापासून शेवटपर्यंत जावे. ‘द वायर’मध्ये बबल्स नावाचा एक व्यसनी माणूस पहिल्याच भागात येतो. तो भंगार गोळा करतो, पोलिसांना बातम्या पुरवितो, सुटण्याची धडपड करतो आणि पुन्हा पडतो. शेवटच्या पर्वात त्याची बहीण त्याला घरात घेते खरी, पण तळघरापुरती. वरचे दार ती लावून ठेवते. साठाव्या भागाच्या अखेरीस साऱ्या शहरावरून दृश्ये सरकत जातात, त्यांत काही सेकंदांचे एक दृश्य आहे. बबल्स जिना चढून वर येतो, दारातून आत जातो आणि बहिणीच्या टेबलापाशी जेवावयास बसतो.